पहिल्याच वळणावर रेस संपते, मधल्या ग्रिडवरून सुटणाऱ्याने नक्की करायचं काय?

मधल्या_रांगेतला:

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण आता खरंच वैताग आलाय. मी गेले आठ-नऊ महिने ऑनलाईन रेसिंग करतोय, जास्त करून जीटी३ गाड्या (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्या), व्हील आणि पेडल आहेत, फार भारी नाहीत पण काम चालतं. लॅप टाईम वाईट नाहीत, २४ गाड्यांच्या ग्रिडमध्ये (सुटायच्या रांगेत) साधारण नववा ते तेरावा क्वालिफाय होतो. म्हणजे बरोब्बर मधे, आणि तिथेच सगळा घोळ आहे.

गेल्या आठवड्यात इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर दहा रेस केल्या आणि त्यातल्या सहा पहिल्या शिकेनलाच (लागोपाठच्या उजव्या-डाव्या वळणांना) संपल्या. तीनदा मागून कोणीतरी ठोकलं, दोनदा मीच पुढच्याच्या बंपरमध्ये घुसलो आणि एकदा दोन गाड्यांच्या मधे असा चेपलो गेलो की स्टिअरिंग फिरवायलाही जागा नव्हती. प्रॅक्टिसमध्ये तेच वळण मी शंभर वेळा घेतलंय, ब्रेकची खूण पाठ आहे, एकदाही गाडी बाहेर जात नाही. पण रेस सुटली की तीच खूण, तोच ब्रेक, तीच गाडी आणि तरी धडक. शिवाय गेममधलं रेटिंग पण खाली येतं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. अर्धा तास क्वालिफायिंगमध्ये जीव ओतायचा आणि रेस वीस सेकंदांत संपायची, असं दर वेळी झालं की खेळायची इच्छाच राहत नाही हो.

तर अनुभवी लोकांनी सांगा, ब्रेक किती आधी मारायचा, आतून जायचं की बाहेरून, आणि मागचाच येऊन ठोकणार असेल तर त्यात माझ्या हातात काय आहे? आणि कृपया "नशीब असतं" असं म्हणू नका, दहापैकी सहा वेळा नशीब नसतं.


निळा_झेंडा:

५० मीटर आधी ब्रेक मार. दोन जागा जातील, जाऊ देत. पहिल्या लॅपमधून गाडी धड बाहेर आली की पुढे निम्मे लोक आपापसात ठोकून आपोआप मागे जातात. मी हेच करतो.


गिअर_दुसरा:

भावा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ. "तीच खूण, तोच ब्रेक" म्हणतोयस ना, तिथेच गफलत होतेय. प्रॅक्टिसमधली खूण रिकाम्या ट्रॅकवर, गरम टायरवर, हलक्या गाडीने काढलेली असते. स्टार्टला यातलं काहीच खरं नसतं.

एक एक करून सांगतो. स्लिपस्ट्रीमचं आधी. तुझ्यापुढे दहा गाड्या हवा कापत चालल्यात, तू त्यांच्या मागे आयता ओढला जातोयस, त्यामुळे त्याच जागी तुझा स्पीड एकट्याने धावताना असतो त्यापेक्षा जास्त असतो, आणि स्पीड वाढला की थांबायचं अंतर नुसतं तेवढंच वाढत नाही, ते स्पीडच्या वर्गाने वाढतं. शिवाय पुढच्या गाडीच्या मागे हवा फाटलेली असते त्यामुळे तुझ्या गाडीला डाऊनफोर्सही (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) कमी मिळतो, म्हणजे ब्रेकिंगच्या सुरुवातीला, जेव्हा डाऊनफोर्सची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच तो कमी. मग टायर. फॉर्मेशन लॅपमध्ये (स्टार्टच्या आधीच्या हळू लॅपमध्ये) कितीही नागमोडी चालव, पाच-सहा लॅपनंतर असते तेवढी ग्रिप पहिल्या वळणाला येत नाही, ब्रेकही पूर्ण तापलेले नसतात. आणि पेट्रोल. क्वालिफायला तू टाकीत चार लॅपचं घालतोस, रेसला ६० लिटर घालतोस, पेट्रोलचं एका लिटरला पाऊण किलो धरलं तरी ४५ किलो झाले की.

आता साधं गणित करून बघ, डाऊनफोर्स वगैरे बाजूला ठेवून. समज प्रॅक्टिसमध्ये तू २४० वरून ८० वर यायला १०० मीटर घेतोस. स्टार्टला स्लिपस्ट्रीममुळे २५० ने आलास, ग्रिप दहा टक्के कमी आहे, आणि पुढे गर्दी असल्यामुळे ८० वर नाही तर ४० वर यावं लागतंय. तर तेच १०० मीटर साधारण १३० मीटर होतात. ३० मीटर म्हणजे सहा-सात गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढं होईल तेवढं. तू जुन्या खुणेवर ब्रेक मारतोस म्हणजे सहा गाड्या उशिरा मारतोस, आणि तुझ्यापुढे बरोब्बर तेवढ्याच गाड्या असतात.

ते ८० ऐवजी ४० का, हे नीट समजून घे कारण मधल्या रांगेतल्या माणसाची खरी अडचण तीच आहे. पहिला माणूस त्याच्या नेहमीच्या लाईनने (वळण घ्यायच्या सगळ्यात वेगवान वाटेने) नेहमीच्या स्पीडने वळतो. दुसरा त्याच्यामुळे थोडा जास्त ब्रेक मारतो. तिसरा-चौथा शेजारी शेजारी असतात, दोघांनाही लाईन मिळत नाही, अजून हळू. असं करत करत दहाव्या नंबरपर्यंत येईस्तोवर रांग जवळजवळ थांबलेली असते. हायवेवर पुढे कोणीतरी नुसता ब्रेकला पाय लावतो आणि मागे अर्धा किलोमीटरवर गाड्या उभ्या राहतात, तेच इथे पाच सेकंदांत होतं. पहिल्या रांगेतून सुटणाऱ्याला हे कधी कळतच नाही, त्यामुळे त्यांचे व्हिडिओ बघून पहिलं वळण शिकू नकोस. तुझ्यासारखा दहाव्या-बाराव्या जागेवरून सुटणारा कोणी असेल त्याचे बघ.

आणि पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघत बसू नकोस. २४० च्या स्पीडला पाव सेकंदात तू १६-१७ मीटर पुढे जातोस, म्हणजे पुढच्याचे ब्रेक लाईट दिसून तुझा पाय पेडलवर जाईपर्यंत तीनेक गाड्यांचं अंतर संपलेलं असतं. तेवढा गॅप स्टार्टला कोणीच ठेवत नाही. म्हणून नजर त्याच्या पलीकडे, तीन-चार गाड्या पुढे हवी. चौथ्या गाडीचे लाईट लागले की तुझा पाय हलला पाहिजे, पुढच्याचे लागायची वाट बघायची नाही.


रिप्ले_बघणारी:

वरचं गणित पटलं, पण निळा_झेंडा म्हणतात ते "५० मीटर आधी मार" हे असंच्या असं करू नका प्लीज, त्यानेच मागून धडक बसते. मी स्वतः दोन महिने असं करत होते आणि दर दुसऱ्या रेसला कोणीतरी मागे येऊन आदळायचं. मला वाटायचं लोकांना चालवताच येत नाही. मग एक दिवस मी रिप्लेमध्ये माझी गाडी सोडून मागच्याच्या कॉकपिटमधून तेच वळण बघितलं. त्याला काय दिसत होतं माहितीये? एक गाडी, सगळ्यांच्या आधी, अचानक, पूर्ण ताकदीने ब्रेक मारून त्याच्या तोंडासमोर उभी राहते. तो पण स्लिपस्ट्रीममध्ये होता, त्याचेही टायर थंड होते. त्याने काय करायला हवं होतं?

त्यामुळे माझं म्हणणं असं की लवकर सुरुवात करायची पण हळूहळू. आधी थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडायचा, नुसता सोडायचा, अर्धा सेकंद, मग ब्रेक साठ-सत्तर टक्के, आणि तो जास्त वेळ. प्रॅक्टिसमध्ये आपण एकदम शंभर टक्के मारून मग कमी करत जातो, इथे तसं करायचं नाही. थ्रॉटल सोडल्यावर तुम्ही हळूहळू मागच्याच्या जवळ येता, त्यामुळे त्याला कळतं की हा थांबतोय आणि त्याला पण वेळ मिळतो. शिवाय ब्रेकमध्ये वीस-तीस टक्के शिल्लक राहतात, पुढे काही झालंच तर ते वापरायला असतात. आधीच शंभर टक्के दाबलेला असेल तर मग स्टिअरिंगशिवाय हातात काही उरत नाही, आणि लॉक झालेल्या (फिरायच्या थांबलेल्या) टायरवर स्टिअरिंग पण चालत नाही.

दुसरं म्हणजे पुढच्याच्या अगदी बरोब्बर मागे राहू नका. अर्धी गाडी बाजूला सरकून चालवा. त्याने पुढचं दिसतं आणि त्याने जास्तच जोरात ब्रेक मारला तर तुम्ही त्याच्या बाजूला जाता, त्याच्यात नाही. पण हे सरकणं ब्रेकच्या खूप आधी करायचं, सरळ रस्त्यावरच. ब्रेक मारता मारता लाईन बदलली की संपलं, मागच्याने जी जागा रिकामी बघून ठरवलेली असते तिथेच तुम्ही जाऊन बसता आणि ती धडक मग त्याची नसते, तुमची असते.

आत की बाहेर, याचं माझं उत्तर आहे की कुठेही चालेल पण मधे नको. तीन गाड्या शेजारी शेजारी वळणाकडे निघाल्या असतील आणि तुम्ही मधले असाल तर तुमची रेस दोन अनोळखी माणसांच्या हातात आहे. फॉर्म्युला वनची २०१७ ची सिंगापूर ग्रां प्री आठवा. पोलवरून (पहिल्या जागेवरून) फेटेल डावीकडे आला, पलीकडून रायकोनेन चांगला स्टार्ट घेऊन आला, मधे फेर्स्टापन. फेर्स्टापनने काहीच केलं नाही तरी त्याची गाडी गेली, रायकोनेनची गेली, फेटेलची पण गेली, आणि पाचव्या जागेवरून सुटलेला हॅमिल्टन रेस जिंकला. जगातले सगळ्यात भारी ड्रायव्हर आहेत हे, आणि वळण यायच्या आधीच हे झालं. तर आपण तीन जण शेजारी आहोत आणि मी मधे आहे असं दिसलं की लगेच थ्रॉटल सोडून त्या दोघांना जाऊ द्या. हो, तिथे वाईट वाटतं, हातातोंडाशी आलेला घास जातो. पण तेव्हा सोडायचा, ब्रेकिंगमध्ये नाही, तिथे उशीर झालेला असतो.

मोंझाला मी स्वतः डावीकडून जाते, म्हणजे पहिल्या उजव्या वळणाला बाहेरून. आतल्या बाजूला सगळे घुसतात कारण तिथे जवळचं वाटतं, आणि आतला माणूस अरुंद कोनातून वळत असल्यामुळे त्याला बाकीच्यांपेक्षा हळू जावं लागतं, जो जात नाही तो घसरत बाहेर येतो आणि दोघा-तिघांना घेऊन जातो. बाहेरच्याला निदान ते येताना दिसतं आणि अगदीच वाटलं तर सरळ पुढे निसटायची जागा असते, तिथून सावकाश, कोणाच्या आडवं न येता परत यायचं. शिवाय लगेच दुसरं वळण डावं आहे, त्याला तुम्ही आपोआप आतल्या बाजूला येता. पण हे मोंझाचं झालं. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकला पहिल्या वळणाला, म्हणजे ला सूर्सला, बाहेरून गेलात तर बाहेर पडताना आतले सगळे पसरत पसरत तुमच्या अंगावर येतात, तिथे मी आतून जाते आणि अ‍ॅपेक्सला (वळणाच्या आतल्या टोकाला) बऱ्यापैकी हळू असते. प्रत्येक ट्रॅकचं वेगळं बघावं लागतं.


मधल्या_रांगेतला:

@रिप्ले_बघणारी ताई, मागच्याच्या कॉकपिटमधून बघायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज जेवढे रिप्ले सेव्ह आहेत तेवढे बसून बघतो. @गिअर_दुसरा दादा, १३० मीटरचं वाचून गप्पच झालो, मी दोनदा पुढच्याला ठोकलं ते नेमकं असंच, मला वाटत होतं त्याने मुद्दाम लवकर ब्रेक मारला.


पिंग_वीस:

एक गोष्ट कोणी बोललं नाही, नेटवर्क.

तुम्हाला स्क्रीनवर समोरची गाडी दिसते ती खरी तिथे नसते. त्याच्या कॉम्प्युटरवरून माहिती सर्व्हरला, सर्व्हरवरून तुमच्याकडे, यात वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात गाडी कुठे पोचली असेल हा गेमने केलेला अंदाज तुम्हाला दिसतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज जवळपास बरोबर असतो कारण गाडी सरळच चाललेली असते. अंदाज चुकतो तो गाडी अचानक काही वेगळं करते तेव्हा, म्हणजे ब्रेक मारते किंवा वळते तेव्हा. आणि पहिल्या वळणाला २४ गाड्या एकदम ब्रेक मारतात. १०० मिलिसेकंदांचा उशीर धरा, २४० च्या स्पीडला ते साडेसहा मीटर होतात, एका गाडीपेक्षा जास्त. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर पुढच्याच्या आणि तुमच्या मधे एक हात जागा दिसत असेल तेव्हा सर्व्हरच्या हिशेबात तुम्ही कदाचित त्याच्या डिकीत असता. म्हणून "मी टच पण केलं नाही" आणि "तू मला उडवलंस" हे दोघंही खरं बोलत असतात. याच्यावरून चॅटमध्ये शिव्या देणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं, मनापासून वाटतं मला.

तर शेजारून जाताना आणि मागे राहताना एका गाडीएवढी जास्तीची जागा सोडा, निदान पहिल्या लॅपला. कोणाची गाडी उड्या मारत चालली असेल तर त्याच्या आसपास जाऊच नका, नावाशेजारी सिग्नल दाखवत असेल तर ग्रिडवर उभे असतानाच बघून ठेवा. आणि तुम्ही स्वतः वाय-फायवर असाल तर केबल लावा, तुमच्या मागे असणाऱ्याला पण तुमची गाडी नीट दिसायला पाहिजे ना.

पीसीवर असाल तर क्रू चीफ नावाचं अ‍ॅप टाकून घ्या. "कार लेफ्ट", "कार राईट", "क्लिअर ऑल राऊंड" असं कानात सांगतं, आजूबाजूला मान वळवून बघता येत नाही त्याची बरीच भरपाई होते. रडार (आजूबाजूच्या गाड्या स्क्रीनवर दाखवणारं) असेल तर चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही, खऱ्या ड्रायव्हरला थोडीफार मान वळवता येते, आरसे असतात, इंजिनचा आवाज कुठून येतोय हे कळतं, आपल्याला समोर एक चौकट दिसते फक्त. कन्सोलवाल्यांनी मागे बघायचं बटण अंगठ्याला सहज लागेल असं ठेवा.


टीवन_सर्व्हायव्हर:

एवढं कशाला, पिट लेनमधून सुटा. सगळे निघून गेले की आरामात मागून जायचं, पहिल्या वळणावर धूर दिसतो, त्यातून वाट काढायची आणि सहा-सात जागा फुकट मिळतात. माझं रेटिंग असंच वर आलं. आयरेसिंग या गेममध्ये तर जोरदार धडक झाली की चूक कोणाची हे बघतच नाहीत, दोघांनाही ४ इन्सिडेंट पॉइंट (दंडाचे गुण) लागतात, मग गर्दीत जायचंच कशाला?


गिअर_दुसरा:

@टीवन_सर्व्हायव्हर रेटिंग एकदम तळाला गेलं असेल तर आठ-दहा रेस करायला ठीक आहे, मी पण सुरुवातीला केलंय. पण याने पहिलं वळण कधीच येत नाही रे. वर गेलास की समोर चांगले लोक असतात, ते आपसात ठोकत नाहीत, मग पिटमधून सुटून शेवटचाच राहशील आणि ग्रिडवर उभं राहायची सवय पण नाही.

त्यापेक्षा हा सराव कर. ऑफलाईन रेस लाव, २० एआय गाड्या, स्वतःला अकरावा ठेव. स्टार्ट घे, पहिल्या दोन वळणांमधून बाहेर पड, रिस्टार्ट. पुन्हा तेच. एका स्टार्टला मिनिट-दीड मिनिट लागतं, अर्ध्या तासात वीस स्टार्ट होतात. ऑनलाईन वीस स्टार्ट मिळवायला अख्खा आठवडा जाईल. एआय माणसांसारखे वेडेवाकडे घुसत नाहीत हे खरं, पण रांग कशी थांबत येते, थंड टायरवर गाडी कुठपर्यंत जाते आणि नजर चार गाड्या पुढे कशी ठेवायची, हे तिथे बसतं. दर वेळी वेगळ्या बाजूने जा, एकदा आतून एकदा बाहेरून, म्हणजे ऐन वेळी दोन्ही वाटा माहितीच्या असतील. एकदा पूर्ण टाकी भरून पण कर.


मधल्या_रांगेतला:

चार दिवसांनी परत आलोय, काय झालं ते सांगतो.

आधी रिप्ले. सहापैकी पाच सेव्ह होते, सगळे दुसऱ्यांच्या कॉकपिटमधून बघितले. तीनदा मागून ठोकलं म्हणालो होतो ना, त्यातलं एक खरंच मागच्याचं होतं, त्याने ब्रेक मारलाच नाही. दुसऱ्यात मी आदल्या रेसच्या भीतीने फार आधी आणि फार जोरात ब्रेक मारला होता, ताई म्हणाल्या अगदी तसंच, मागच्याच्या जागी मी असतो तर मी पण ठोकलं असतं. आणि तिसऱ्यात मी ब्रेक मारता मारता उजवीकडे सरकलो होतो. मला तेव्हा पक्कं वाटलं होतं की उजवीकडे कोणी नाही. त्याच्या कॉकपिटमधून बघितलं तर त्याचं पुढचं चाक माझ्या दारापर्यंत आलेलं होतं. त्या माणसाला मी रेसनंतर बरंच बोललो होतो. काल त्याला मेसेज करून माफी मागितली.

मग फॉर्म्युला वनचं २०१२ चं स्पा बघितलं, ग्रोजाँ या ड्रायव्हरचा अपघात. तो पण सरळ रस्त्यावरच उजवीकडे सरकत गेला, त्याला वाटलं हॅमिल्टन मागे पडलाय, तो पडलेला नव्हता, चाकाला चाक लागलं आणि ला सूर्सला गाडी उडून अलोन्सोच्या गाडीवरून गेली. पुढच्या एका रेसची बंदी आली त्याला. नंतर त्याने पण हेच सांगितलं की आपण पुढे आहोत असं त्याला वाटलं होतं. ते बघून माझ्या अंगावर काटा आला कारण माझ्या डोक्यात त्या क्षणाला शब्दशः हेच होतं. आता क्रू चीफ टाकलंय आणि "क्लिअर" ऐकू आल्याशिवाय सरकत नाही.

एआयबरोबर दोन दिवस मिळून पन्नासेक स्टार्ट केले. पहिले दहा-बारा भयानक होते, दर वेळी कोणाला तरी लागत होतं. मग थ्रॉटल लवकर सोडायची सवय लागली आणि एकदम शांत वाटायला लागलं, म्हणजे वेळ जास्त आहे असं वाटायला लागलं, कसं सांगू कळत नाही. आधी मला ते वळण म्हणजे एक मोठा धक्का वाटायचा, आता त्यात पहिल्यांदा गाड्या वेगवेगळ्या दिसतायत.

ऑनलाईन पाच रेस झाल्या. चारमध्ये पहिल्या वळणातून नीट बाहेर आलो, त्यातल्या दोनदा जागा गेल्या, एकदा तेवढाच राहिलो आणि एकदा मधे मोठी धडक झाली ती बाहेरच्या बाजूने दिसली आणि अकरावरून सहावा झालो. पाचव्यामध्ये मात्र कोणीतरी मागच्या कोपऱ्याला लागलं आणि मी गोल फिरलो, आणि तिथे काय करायचं ते मला कळलंच नाही. गाडी वळवून पटकन ट्रॅकवर यायला गेलो आणि दुसऱ्याच कोणालातरी आडवा आलो, त्याची पण रेस गेली. त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. ते सारखं डोक्यात येतंय. स्पिन झाल्यावर नक्की काय करायचं असतं?


रिप्ले_बघणारी:

मेसेज करून माफी मागितलीत हे वाचून खूप बरं वाटलं, असं फार कमी लोक करतात.

स्पिन झाली आणि गाडी ट्रॅकवरच आहे, तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, क्लच असेल तर तोही, आणि सोडायचाच नाही. मागून येणाऱ्यांना तुम्ही कुठे जाणार हे कळलं तर ते तुम्हाला चुकवतात. चाकं अडकलेली गाडी साधारण ज्या दिशेने घसरतेय त्याच दिशेने जात राहते आणि थांबते, त्यामुळे ते त्याप्रमाणे बाजू निवडतात. ब्रेक सोडलात की टायरला मधेच ग्रिप मिळते आणि गाडी भलत्याच बाजूला उडी मारते, बहुतेक वेळा नेमकी त्यांनी निवडलेल्या बाजूला. थांबल्यावर पण तसंच उभं राहायचं. एक-दोन जण तुम्हाला लागतीलही, तरी हलायचं नाही. सगळा घोळका गेला, रडार रिकामं झालं, मागे बघायचं बटण दाबून खात्री केली, की मग पहिल्या गिअरमध्ये, आधी कडेला आणि तिथून ट्रॅकला समांतर निघायचं. ट्रॅकच्या बाहेर फेकले गेला असाल तरी हेच, काटकोनात परत शिरायचं नाही, कडेने चालत स्पीड घ्यायचा आणि मग आत यायचं, लाईनवर तर अजिबात लगेच जायचं नाही.

त्या वेळी दहा सेकंद उभं राहणं म्हणजे युगं गेल्यासारखी वाटतात, मान्य आहे. मी मोठ्याने आकडे मोजते.


पिंग_वीस:

आणि शेवटचं म्हणजे पिटमध्ये जाऊन डॅमेज बघ, रेस लांब असेल तर. वाकडी गाडी घेऊन तशीच दामटलीस तर पुढच्या मोठ्या ब्रेकिंगला पुन्हा कोणाच्यातरी अंगावर जाशील.


मधल्या_रांगेतला:

आत्ताच एक रेस संपली म्हणून लगेच लिहितोय. दहावा सुटलो, डावीकडून गेलो, पहिल्या वळणातून नीट निघालो पण दुसऱ्यात आतल्याने पसरून लावलं आणि गोल फिरलो, ट्रॅकच्या अगदी मधे, तोंड उलटं, समोरून सगळे येतायत. ब्रेक धरून ठेवला. हात थरथरत होते खरंच. तेरा गाड्या दोन्ही बाजूंनी गेल्या, एकही लागली नाही. मोजून अकरा सेकंद उभा होतो, मग कडेने निघालो. शेवटून सुरू करून पंधरावा आलो आणि रेटिंग थोडं वर गेलं. ज्याने लावलं त्याने रेसनंतर चॅटमध्ये स्वतःहून सॉरी म्हटलं, त्याला हा धागा पाठवलाय.